साडीचा खरा रंग फोटोत कसा आणायचा? फुकटातलं एडिटिंग शिकायचंय

आमसुली_कळवा

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी घरून साड्या विकतो, खण, इरकल, नारायणपेठ आणि सणावाराच्या आधी थोड्या सेमी पैठण्या. गिऱ्हाईक सगळं ठाणे, कळवा, ऐरोली, डोंबिवलीतलं, ओळखीतून वाढलेलं, आणि काम सगळं व्हॉट्सॲपवर, म्हणजे फोटो टाकायचे आणि ज्यांना आवडली त्या "ही माझी ठेवा" म्हणतात. पण फोटोतला रंग आणि हातात पडलेल्या साडीचा रंग एक नसतो, अडचण ती आहे. आमसुली साडी फोटोत विटकरी दिसते, मोतिया पिवळट दिसते, आणि वांगी रंगाची तर चक्क निळी. एका काकूंनी नुकतीच साडी परत पाठवली, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांना निळीच हवी होती आणि फोटोत निळीच दिसत होती, आम्ही खाली "वांगी" लिहिलेलं त्यांनी वाचलं नसेल, पण फोटो बघूनच घेणार ना माणूस.

फोन साधा अँड्रॉइड आहे, लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, भाच्याने दिलेला. घर कळव्यात, हॉलला एकच खिडकी, समोर दुसरी बिल्डिंग, दुपारी थोडा वेळ बरा उजेड येतो नाहीतर ट्यूब आणि शोकेसमधले पिवळे दिवे. फोटोशॉपला दर महिन्याला पैसे भरणं आम्हाला परवडणारं नाही.

तर विचारायचंय की फुकटातलं काय घ्यावं, त्यात आधी काय करायचं नंतर काय, आणि असं फुकट सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरलं तर चालतं का, उगाच उद्या कोणी पैसे मागायला नको. फिल्टर लावून फोटो झकपक करायचे नाहीयेत मला. साडी जशी आहे तशी दिसली पाहिजे, एवढंच.

खाडीकाठ

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं, कारण यूट्यूबवर बघायला गेलात तर दहातले नऊ जण सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायला शिकवतात आणि तुम्हाला नेमकं त्याच्या उलट काम करायचंय.

आधी रंग का बिघडतो ते सांगतो, ते कळलं की सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न बराच मागे पडतो. ट्यूबचा उजेड, पिवळ्या दिव्याचा उजेड, खिडकीतला उजेड, या प्रत्येकाचा स्वतःचा रंग असतो, आपले डोळे तो आपोआप वजा करतात, फोनला मात्र अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज तो समोर जे दिसतंय त्यावरून बांधतो. आता तुम्ही पूर्ण फ्रेम भरून एकाच रंगाची साडी पसरली की फोनला वाटतं उजेडच त्या रंगाचा आहे, मग तो रंग कमी करायला जातो, म्हणून मोतियाचा एक फोटो पिवळट आणि दुसरा निळसर असंही तुमच्याकडे होत असेल. यावर उपाय एकच, फ्रेममध्ये अशी एक वस्तू ठेवायची जिला स्वतःचा रंगच नाही. फोटोवाल्यांकडे यासाठी ग्रे कार्ड असतं, पण तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जाड होईपर्यंत थरावर थर गुंडाळा, खालचा पुठ्ठा दिसता कामा नये. टेफ्लॉन सगळे रंग जवळजवळ सारखेच परत फेकतं. प्रिंटरचा पांढरा कागद त्या मानाने फसवा असतो, तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात द्रव्य घातलेलं असतं आणि खिडकीच्या उजेडात तो निळसर होतो. अगदीच काही नसेल तर कागद चालेल.

हा पुठ्ठा साडीच्या कडेला ठेवून फोटो काढा, पट्टीवर तोच उजेड पडला पाहिजे जो साडीवर पडतोय, आणि फोटोत पट्टी अगदी कोरी पांढरी झालेली नको, जराशी राखाडी दिसली तर उत्तम, कारण कोरी झालेल्या जागेत रंगाची माहितीच उरत नाही.

सॉफ्टवेअर जिंप (GIMP) घ्या. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं आहे, आजही चालू आहे, मार्च २०२५ मध्ये ३.० आलं. परवाना जीपीएल, म्हणजे घरी वापरा, दुकानात वापरा, धंद्यात वापरा, कोणी पैसे मागणार नाही आणि फोटो तुमचेच राहतात. फक्त डाउनलोड करताना गुगलमध्ये शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, २०२२ मध्ये अशाच एका जाहिरातीतून लोकांना खोट्या साइटवर नेऊन व्हायरस दिला होता, पत्ता स्वतः टाइप करा, gimp.org.

फोटो उघडलात की पहिलं काम, लेअरची नक्कल, कंट्रोल शिफ्ट डी. मूळ खाली सुरक्षित राहतं, वरच्यावर काम करायचं, डोळा मिचकावल्यासारखं चालू-बंद करून बघता येतं आधी कसं होतं नंतर कसं झालं. मग कलर्स मेन्यूत लेव्हल्स. खाली तीन ड्रॉपर, म्हणजे फोटोतला रंग टिपायच्या नळ्या, दिसतील, काळा, राखाडी, पांढरा. मधला राखाडी उचला आणि टेपच्या पट्टीवर एकदा क्लिक करा. बास, तुमच्या निम्म्या साड्या इथेच घरी येतील. पांढऱ्या ड्रॉपरला हात लावू नका, तो पट्टीला एकदम शुभ्र करतो आणि पट्टीपेक्षा उजळ जे काही आहे, म्हणजे काठाची सगळी चमक, ते सपाट पांढरं होऊन जातं. त्याच खिडकीत हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या डोंगरासारख्या आलेखाच्या, खाली तीन त्रिकोण आहेत, त्यातला मधला डावीकडे सरकवला की फोटो उजळतो आणि दोन्ही टोकं जागच्या जागी राहतात. फोटो अंधारा वाटत असेल तर एवढंच करा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या मागे लागू नका.

रंग आधी, उजेड नंतर, आणि कापाकापी सगळ्यात शेवटी, कारण आधी कापलंत तर पट्टीच जाईल. क्रॉपला शिफ्ट सी, चौकोनी हवा तर फिक्स्डवर टिक करून १:१ लिहा.

आणि एक गोष्ट जिथे नवीन माणूस हमखास अडतो, सेव्ह केलं की जिंप एक्ससीएफ नावाची फाइल बनवतं, ती व्हॉट्सॲपला चालत नाही, ती तुमच्या कामाची प्रत आहे. जेपीजी हवी तर फाइल मेन्यूत एक्सपोर्ट ॲज, क्वालिटी ९० ठेवा.

नेरूळची_मैत्रीण

खाडीकाठ यांनी मस्त सांगितलंय, पण ताईंचं सगळं काम फोनवर चालतं मग प्रत्येक साडीला लॅपटॉप उघडायचा म्हणजे रोज कोण करणार, मी तरी नाही करणार. मी घरगुती दागिने विकते, मोत्यांचे, ठुशी वगैरे, मला स्नॅपसीड पुरतं. फुकट आहे, गुगलचं आहे, जाहिराती नाहीत. त्यात टूल्समध्ये व्हाइट बॅलन्स आहे, म्हणजे उजेडाचा रंग वजा करायची सोय, त्यातला ड्रॉपर धरून त्या टेपच्या पट्टीवर आणायचा, तेच काम. मग ट्यून इमेज, तिथे हायलाइट्स थोडे कमी केले की जरीवरचा पांढरा डाग उतरतो, शॅडोज थोडे वर केले की चुण्यांमधला काळोख जातो. ॲम्बियन्स नावाचं एक आहे ते साड्यांसाठी नका वापरू, रंग फुगतात. एचडीआर स्केप तर अजिबात नको, सुती साडी सतरंजीसारखी खरखरीत दिसायला लागते.

आणि एक फार सोयीचं, एका फोटोवर केलेलं सगळं पुढच्या फोटोला लावता येतं, लुक्समध्ये लास्ट एडिट्स म्हणून असतं. एका बैठकीत एकाच जागी काढलेल्या फोटोंना ते छान चालतं.

अजून एक, फोटो तपासताना स्वतःच्या फोनचा नाइट लाइट, आय कम्फर्ट जे काही असेल ते बंद करा. संध्याकाळी ते आपोआप चालू होतं आणि सगळा स्क्रीन पिवळा होतो, मग तुम्ही बरोबर फोटोला निळा करून ठेवता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिविड आणि नॅचरल असं असेल तर नॅचरल करा.

नौपाडेकर

ताई, वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मी जरा मागे जातो. माझं आयुष्य स्टुडिओत गेलं, रोलच्या काळापासून, आणि माझं मत असं की निम्मं एडिटिंग दिव्याच्या बटणाशी होतं.

तुम्ही लिहिलंत खिडकी, ट्यूब आणि शोकेसचे पिवळे दिवे. हे तिन्ही एकत्र चालू असतील तर कुठल्याही सॉफ्टवेअरने रंग बरोबर येणार नाही, कारण साडीच्या डाव्या बाजूला एक रंगाचा उजेड आणि उजव्या बाजूला दुसऱ्या रंगाचा, आणि ड्रॉपर तर एकच उजेड धरून हिशोब करतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, पिवळा दिवा साधारण ३००० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० ची. दोन्हींचं एकत्र कधीच जुळत नाही. म्हणून खिडकीचा उजेड असेल तेव्हा घरातले सगळे दिवे बंद. सगळे म्हणजे सगळे, देवघरातलासुद्धा जर त्याचा उजेड साडीवर येत असेल तर. थेट ऊन साडीवर नको, उन्हाच्या बाजूची सावली हवी. पावसाळ्यातला ढगाळ दिवस साड्यांना फार चांगला, लोक उगाच उन्हाची वाट बघतात.

दुसरं, खिडकीच्या आसपास काय आहे ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात गॅलरीला निळी ताडपत्री बांधतात, त्यातून आत येणारा उजेड निळा होतो. हिरवी शेडनेट असेल तर हिरवा. भिंतीला गुलाबी, पोपटी रंग असेल तर तो पांढऱ्या साडीवर उतरतो. साडीच्या दुसऱ्या बाजूला एक पांढरी चादर किंवा थर्माकोलची पाटी उभी केलीत तर सावलीची बाजू आपोआप उजळते, पैसे शून्य.

संध्याकाळीच फोटो काढायची वेळ येत असेल तर एकाच जातीचे दोन एलईडी बल्ब घ्या, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघून. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल भागच कमी असतो. उजेडातच जो लाल नाही तो साडीवरून परत कसा येणार, आणि फोटोत कसा येणार? तुमच्या आमसुली, डाळिंबी, कुसुंबी साड्या मेलेल्या दिसत असतील तर त्याचं कारण हेही असू शकतं.

पामबीचवाला

एवढं सगळं कशाला, फोटोशॉपचं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, मिळतं की, पेन ड्राइव्हवर कोणीही देईल. सगळे तेच वापरतात.

खाडीकाठ

@पामबीचवाला, नको. ज्या लॅपटॉपवर त्या धंद्याचा हिशोब ठेवणार, बँक उघडणार, त्यावर क्रॅक टाकायचं म्हणजे कुलूप कोणी तोडलंय ते न बघता त्याला घरात झोपायला देण्यासारखं आहे. शिवाय ४ जीबी रॅमवर फोटोशॉप नीट चालणारही नाही. फोटोशॉपसारखंच दिसणारं हवं असेल तर फोटोपिया आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, बाजूला जाहिराती दिसतात तेवढंच. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच मशीनवर काम होतं, आणि लेव्हल्समध्ये तोच राखाडी ड्रॉपर आहे. जिंप जड वाटलं तर ताई हे करून बघा.

आमसुली_कळवा

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. जांभळी नाक्यावरून टेप आणली, जाऊबाईंनी पुठ्ठ्यावर गुंडाळली, दिवे बंद करून दुपारी खिडकीपाशी फोटो काढले आणि जिंपमध्ये तो मधला ड्रॉपर लावला. मोतिया मोतियाच आली हो! आमसुली पण आली. साडी स्क्रीनच्या शेजारी धरून बघितली, फारच जवळ आहे.

आता उरलेले प्रश्न. राणी रंगाच्या साडीत बुट्टे दिसतच नाहीत, सगळं गुलाबी एकसलग दिसतं, जवळ जाऊन फोटो काढला तरी तसंच. वांगी अजून निळीच आहे, थोडी कमी निळी झाली एवढंच. आणि आमच्याकडे धूपछांव खण आहेत, एकीकडून हिरवा दिसतो एकीकडून लाल, त्याचा खरा रंग कुठला दाखवायचा? आणि फोटो खूप असतात, प्रत्येकाला हे सगळं करत बसले तर स्वयंपाक कोण करणार.

जाऊबाई विचारतायत की साडीवर एखादा छोटा दोष असेल, धागा उसवलेला वगैरे, तो फोटोतून काढतात म्हणे, तो कसा काढायचा.

खाडीकाठ

शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो. जिंपमध्ये हील टूल आहे, एच दाबलं की येतं, कंट्रोल धरून स्वच्छ जागेवर क्लिक करायचं आणि मग डागावर घासायचं, डाग गायब. स्नॅपसीडमध्ये हीलिंग नावाने आहे. पण ते वापरायचं चादरीवर पडलेल्या केसाला, भिंतीवरच्या खिळ्याला, साडीवर चिकटलेल्या कापसाला. विणीतला दोष, उसवलेला धागा, रंगाचा डाग, हे अजिबात काढू नका. उलट त्याचा वेगळा जवळून फोटो टाका आणि किंमत कमी करून सांगा. तुम्ही रंग खरा दाखवायला निघालात त्याच्याच पुढचं पाऊल आहे हे, आणि ओळखीवर चालणाऱ्या धंद्यात एवढी एक गोष्ट सांभाळली तरी गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं.

राणी रंगाचं असं आहे की फोटोचे तीन थर असतात, लाल, हिरवा, निळा, आणि राणी रंगात लाल थर काठोकाठ भरतो. भरून वाहिला की बुट्टा आणि जमीन दोन्हींची लाल किंमत एकच, २५५, मग फरक दिसणार कसा. जिंपमध्ये हिस्टोग्रामची डॉकेबल खिडकी उघडून रेड निवडा, डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. हे नंतर दुरुस्त होत नाही, गेलेली माहिती परत येत नाही, म्हणून फोटो काढतानाच काळजी घ्यायची. फोनमध्ये साडीवर बोट दाबून धरा, सूर्यासारखं चिन्ह येईल ते खाली ओढा, फोटो जरा अंधारा वाटेल इतपत. मग लेव्हल्सच्या मधल्या त्रिकोणाने उजळा. लाल, राणी, भगवा, या तिन्हींना हाच नियम.

वांगीचं दुखणं जुनं आहे. कॅमेऱ्याचे आणि आपल्या डोळ्यांचे रंग ओळखायचे हिशोब थोडे वेगळे, आणि जांभळ्या छटांमध्ये तो फरक सगळ्यात जास्त दिसतो. इथे मात्र हाताने रंग हलवावा लागतो आणि त्यात काही गैर नाही, कारण आपण खऱ्याकडे नेतोय. कलर्समध्ये ह्यू-सॅच्युरेशन उघडा, गोल चक्रात बी म्हणजे निळा निवडा, आणि ह्यूची, म्हणजे रंगछटेची, पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवा, निळा जांभळ्याकडे जायला लागेल. ओव्हरलॅप थोडं वाढवलं की कडा फाटल्यासारख्या दिसत नाहीत. साडी शेजारी धरा, दिवसाच्या उजेडात, आणि जुळलं की थांबा. काठ खरोखरचा निळा असेल तर तोही हलेल, मग आधी फ्री सिलेक्टने फक्त अंगाचा भाग वेढून घ्या, कडेला थोडं फेदर द्या म्हणजे कड मऊ होते, आणि मग करा.

नौपाडेकर

धूपछांवचं मी सांगतो, आवडीचा विषय आहे.

ताई, तुमच्या खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. त्याचा एकच खरा रंग नाहीच. एकाच फोटोत तो पकडायला गेलात तर मधलाच कुठलातरी मळकट रंग येईल, आणि एडिटिंगने तो "सुधारायला" गेलात तर अजून बिघडेल. दोन फोटो काढा, खिडकी तुमच्या पाठीशी ठेवून एक आणि खिडकी बाजूला ठेवून एक. किंवा नुसती घडी हातात धरून हलवत छोटा व्हिडिओ, फोन एका जागी स्थिर ठेवायचा, साडी हलवायची. गिऱ्हाइकाला धूपछांव काय ते माहीत असतं, ती बघूनच खूश होते.

इरकलच्या बारीक चौकड्यांवर फोटोत लाटा लाटा दिसतात का? त्या साडीत नसतात, चौकडीची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर आली की होतं तसं. एक पाऊल पुढे किंवा मागे जा, नाहीतर फोन थोडा तिरका करा. आणि तपासताना फोटो पूर्ण मोठा करून तपासा, जिंपमध्ये १ दाबलं की शंभर टक्के होतो, लहान करून बघितलं तर स्क्रीनच्याच लाटा दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. ट्यूबखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे, फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठेवता येते) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, जातील.

छपाई_ठाणे

मी प्रिंटिंगमध्ये आहे म्हणून दोन शब्द. ताई, पुढेमागे तुम्ही कार्ड छापाल, प्रदर्शनात स्टॉलला बॅनर लावाल. व्हॉट्सॲपवरून परत आलेला फोटो छपाईला देऊ नका, तो आधीच दाबून लहान केलेला असतो, आमच्याकडे रोज लोक तेच घेऊन येतात. तुमची जिंपची एक्ससीएफ किंवा मोठी जेपीजी जपून ठेवा. कार्ड साडेतीन बाय दोन इंचाचं असतं, ३०० डीपीआयने (इंचामागे ३०० पिक्सेल) म्हणजे कमीत कमी १०५० बाय ६०० पिक्सेल. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला इंचामागे १०० पिक्सेल पण भरपूर झाले.

राणी, मोरपंखी, चकचकीत पोपटी हे रंग स्क्रीनवर दिसतात तसे शाईत येत नाहीत, कितीही चांगलं मशीन असू दे, चार शाईंच्या मिश्रणातून तेवढा झगझगीतपणा निघतच नाही. म्हणून पूर्ण छापायच्या आधी एक नमुना काढून मागा आणि साडी सोबत घेऊन या. आम्हाला आवडतं असं गिऱ्हाईक, खरंच.

नेरूळची_मैत्रीण

गिऱ्हाइकाला चांगल्या दर्जाचा फोटो पाठवायचा तर व्हॉट्सॲपमध्ये पाठवताना वर एचडीचं बटण आहे ते दाबा. काहीजणी डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, त्यात फोटो अजिबात दाबला जात नाही, पण ताई एक लक्षात ठेवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फोटोच्या आत लपलेली माहितीही जशीच्या तशी जाते, फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ता सुद्धा. आपण घरून धंदा करणाऱ्या बायका, अनोळखी नंबरांना फोटो पाठवतो, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंदच ठेवा. जिंपमधून एक्सपोर्ट करताना पण या लपलेल्या माहितीची एक्झिफ म्हणून टिक असते ती काढता येते.

आमसुली_कळवा

लोकेशनचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, लगेच बंद केलं आणि जाऊबाईंच्या फोनमधलं पण केलं. दोषाच्या फोटोचं पटलं, आम्ही तसंच करणार, एक नारायणपेठ आहे तिच्या काठाला बारीक गाठ आहे, तिचा फोटो वेगळा टाकला आणि किंमत कमी केली तर ऐरोलीच्या एका ताईंनी लगेच घेतली, म्हणाल्या आतल्या घडीत जाणार, काय फरक पडतो.

वांगी पण जमली! बी वरून ह्यू सरकवला, साडी खिडकीत शेजारी धरून. त्या काकूंना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या आता कळलं वांगी म्हणजे कुठली.

फक्त ते खूप फोटोंचं राहिलं.

खाडीकाठ

हो, ते राहिलंच. त्यासाठी रॉथेरपी (RawTherapee) नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट आणि जीपीएलच, नाव जरी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असलं तरी साधे जेपीजी पण उघडतं. तुमच्या लॅपटॉपवर हळू चालेल पण चालेल, बाकीचं सगळं बंद करून उघडा. एका फोटोवर व्हाइट बॅलन्सच्या पिकने टेपवर क्लिक करायचं, उजेड जुळवायचा, मग फाइल ब्राउझरमध्ये त्या फोटोवर कंट्रोल सी, बाकीचे सगळे निवडून कंट्रोल व्ही, आणि सगळे रांगेत टाकून द्यायचे, ते एकेक करून जेपीजी बनवत बसतं, तोपर्यंत तुम्ही कुकर लावा. मूळ फोटोला ते हात लावत नाही, बदल शेजारच्या पीपी३ नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं, म्हणून त्या फाइली कचरा समजून उडवू नका.

पण याला एक अट आहे आणि ती फोटो काढतानाच पाळायची. फोनने प्रत्येक फोटोला वेगळा अंदाज बांधला असेल तर एकाचे बदल दुसऱ्याला लागू पडणार नाहीत. म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एका आकड्यावर ठेवा, ५५०० चालेल, आकडा चुकीचा असला तरी हरकत नाही, सगळ्यांत सारखाच चुकला की एका झटक्यात सुधारतो. तुमच्या फोनमध्ये प्रो मोड नसेल तर ओपन कॅमेरा हे फुकट ॲप घ्या, त्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) दोन्ही लॉक करता येतात. राणी आणि लाल साड्यांचं एक्स्पोजर मात्र वेगळं लागेल, त्यांची वेगळी बॅच करा. टेपची पट्टी पहिल्या फोटोत ठेवली की पुरे, पण ढग येऊन गेला, उजेड बदलला, की परत एक फोटो पट्टीसकट काढा आणि तिथून पुढे नवीन बॅच धरा.

आमसुली_कळवा

प्रो मोड आहे, आत्ता बघितलं, व्हाइट बॅलन्सला के लिहिलेली पट्टी आहे. उद्या दुपारी आधी लाल आणि राणी, मग बाकीच्या. पट्टी मळली की टेपचा वरचा थर काढून टाकला तर चालतो ना?

खाडीकाठ

चालतो, त्यासाठीच जाड गुंडाळायची.